कच्च्या टिपेचे पट्टे

महाल, नागपूर
४ जानेवारी १९७५

तीर्थस्वरूप यमूमावशीस,
प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

विद्यापीठाच्या वक्तृत्व संघात माझी निवड झाली. दिल्ली, चंदीगड, जम्मू असा महिनाभराचा दौरा आहे. कुर्ते जुनेच तीन नेणार. त्यांवर बांधायला तू कापडी पट्टे करून दिलेस, तर रोज नवे वाटतील. तुझ्या पद्धतीप्रमाणे कमरेच्या मापाचा दोरा सोबत ठेवला आहे.

अडचण बाबांची आहे. दिवाळीतली कावीळ गेली, डॉक्टरांनीही होकार दिला, तरी ते म्हणतात, यमूने धडधाकट म्हटलं तरच गाडीत बसायचं. तेव्हा तसं दोन ओळी त्यांना लिही. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा दुखतो, मुद्दाम बघायला येऊ नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रेमिला

---

उमरेड
१२ जानेवारी

चि. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

रुपराव कंडक्टरबरोबर पाच पट्टे पाठवले आहेत. कोष्ट्यांकडे उरलेले काठ घेतले, आत ताठपणासाठी गांधीबागेतलं बकरम घातलं. काळा-लाल पांढऱ्या कुर्त्यावर बांध, मोरपंखी खाकीवर. दोन्ही बाजूंनी वापरता येतात.

बोलणाऱ्या बाईचे लोक आधी कपडे बघतात, मग शब्द ऐकतात. ही रीत मोडायचीच आहे. पण तोवर पट्टा जागेवर बसलेला बरा. कसे बसतात ते कळव, मग तुझ्या बाबांना लिहीन.

तुझी वाट पाहणारी,
यमूमावशी

---

नागपूर
१६ जानेवारी

तीर्थस्वरूप मावशीस शि. सा. न. वि. वि.

पट्टे इतके सुरेख आहेत की शेजारच्या कांताबाई एक मागून गेल्या. दिला नाही.

काल काळा-लाल बांधून बाबांसमोर भाषणाचा सराव केला. सभाजनांना नमस्कार करेपर्यंत पट्टा कमरेवरून खाली आला. बाबा उठले आणि माझी ट्रंक परत माळ्यावर ठेवली.

खरं लिहिते. तो दोरा आताचा नव्हता, गेल्या वर्षी तू ब्लाउज शिवलास तेव्हाचा होता. आता पट्टा चार बोटं सैल पडतो. भूक अजून अर्धीच आहे. हे तुला कळलं की दौरा गेला, असं वाटलं.

आणि मावशी, तुझ्यासारखीने टोकाला कच्ची टीप घालावी? नुसती ओढली तर निघते. रागाव, पण बाबांना काय लिहिणार ते सांग.

तुझीच,
प्रेमिला

---

उमरेड
१९ जानेवारी

चि. प्रेमिलास आशीर्वाद.

इतकं भ्यायचं काय वं? तो लाल दोरा माझ्याच रिळाचा, आणि ते रीळ उन्हाळ्यातच संपलं. पाकीट उघडताच समजलं की आताची कंबर तुला दाखवायची नाही. म्हणून पट्टे तू पाठवलेल्या मापाचे केले आणि टीप कच्ची ठेवली. सभेत खोटं बोलणाऱ्यांना मी व्यासपीठावरून उतरवलं आहे. तू आपणहून उतरलीस, तेव्हा विषय संपला.

आता टीप उसव, चार बोटं कापड आत दुमड, हूक पुढे घे आणि पक्की टीप घाल. दुमडलेलं कापड कापायचं नाही.

तुझ्या बाबांना, मधुकररावांना, आजच लिहिलं. मुलगी धडधाकट नाही, तरी जाईल. घरात बसवून कोणाच्या अंगात बळ आलेलं मी पाहिलं नाही. ती दोन्ही वेळा पोटभर जेवेल, हा शब्द मी तुझ्या वतीने दिला आहे. माझा शब्द आहे, तो जपून ने. ट्रंक मात्र त्यांनीच माळ्यावरून खाली काढायची.

परतलीस की घरी जाण्याआधी उमरेडची बस धर. पाचही पट्टे घेऊन ये. दुमडलेलं कापड मोकळं करायला मी सुई ओवून ठेवते.

तुझी,
यमूमावशी