दोन हजार फुटांवरचं व्याख्यान

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ६.
निघतोय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बायकोने एकच गोष्ट मागितली: गरम हवेच्या बलूनमध्ये बसायचं. (बाकीच्या मागण्या घरखर्चात मोडतात, त्या धरलेल्या नाहीत.) बलून महोत्सवाची शुक्रवार सकाळची दोन तिकिटं काढली. मुक्कामाला घरगाडी भाड्याने घेतली: आत शेगडी, पलंग, संडास, सगळं. आईही येतेय. तिला कोणी विचारलं नव्हतं, ती चपला घालून तयार होती.

पोस्टर छापायला दिलं. पुढच्या महिन्यात बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर व्याख्यान: ‘दोन हजार फुटांवरून मला काय दिसलं’. माझ्या ‘भीतीला निरोप’ या कार्यशाळेच्या एकसष्ट बॅचेस झाल्या. आता प्रत्यक्ष अनुभवाची जोड.

मला उंचीची भीती नाही. नोंद एवढ्यासाठी की गेल्या वर्षी गच्चीवरची टाकी बघायला चढलो आणि तिसऱ्या पायरीवरून उतरलो. शिडी निकृष्ट होती.

गाडीमालक तासभर माहिती सांगणार होता. दहा मिनिटांत थांबवलं. आपल्याला मुद्दा कळतो.

संध्याकाळी ५.
पोचलो. मोठं मैदान, तीनेकशे घरगाड्या ओळीने उभ्या. गाडी रिव्हर्स लावायला चाळीस मिनिटं. शेजारच्या गाडीतल्या निवृत्त नर्सबाई न विचारता हातवारे करत होत्या. पाच वेळा त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. सहाव्या वेळी त्यांचे हात आणि माझा अंदाज योगायोगाने जुळले.

गाडी एका बाजूला कलते. चाकाखाली फळ्या घाला, असं पुस्तिकेत आहे म्हणे. मी म्हटलं, थोडा उतार रक्ताभिसरणाला चांगला. आई झोपून बघायला गेली ती पायथ्याशी गोळा झाली. म्हणाली, बाळ, तुझ्या बापाच्या घरात ओल होती, पण उतार नव्हता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ९.
पहाटे साठ बलून उडताना पाहिले. ही तोंडावर हात ठेवून उभी. माझे पाय गार पडले. मोजे पातळ आहेत. हिला बलून का उडतो त्याचं शास्त्र समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, जरा बघू द्या हो.

महत्त्वाचं. आमच्या बलूनची पायलटबाई तरुण आहे, पण माणसाची पारख दांडगी. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वजन विचारलं आणि शिखरदोर धरायचं काम देऊ केलं. बलूनच्या शेंड्याला हा दोर बांधलेला असतो. हवा भरताना बलून एकदम उसळू नये, म्हणून एक माणूस लांब उभा राहून तो मागे ओढून धरतो. बलून सरळ झाला की टोपलीपर्यंत चालत यायचं आणि दोर कडीला लावायला द्यायचा. बाई म्हणाली, आम्हाला जमीन न सोडणारा माणूस हवा होता. शंभर लोकांतून निवड झाली.

तिची टीम मला ‘खुंटा’ म्हणते. लाडाने. संकल्प: व्याख्यानात हा प्रसंग घ्यायचा.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सकाळी ८.
आज उडायचं होतं. चारला उठलो. बाहेर बोट ओलं करून धरलं. वारा होता. इतरांच्या लक्षात आला नाही, कारण बोट कोणी ओलं करत नाही. पायलटबाईला गाठून तिकिटं रविवारवर टाकायला सांगितलं. तिने कारण विचारलं. उगाच तिच्या अनुभवावर शंका कशाला, म्हणून म्हटलं, बायकोला उंचावर चक्कर येते. हिला सांगितलं, पायलटने वाऱ्यामुळे रद्द केलं. कोणाचंच मन दुखावलं नाही. याला संवादकौशल्य म्हणतात.

त्यानंतर अठ्ठावन्न बलून उडाले. हिने मोजले. मी म्हटलं, ते सराईत प्रवासी आहेत. ही म्हणाली, त्यात चार वर्षांची एक मुलगी होती.

दुपारी ३.
गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडून खाली खुर्च्या टाकल्या. ही म्हणाली, वारा आहे ना, मिटून घेऊ. मी म्हटलं, वारा सकाळी होता. वीस मिनिटांनी छत दांड्यांसकट उखडलं आणि नर्सबाईंच्या टपावर जाऊन बसलं. आई म्हणाली, चला, आपलं काहीतरी उडालं एकदाचं.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपारी १.
वाईट दिवस. सकाळी संडासाच्या टाकीचा लाल दिवा लागला. दोन मुठी होत्या, चुकीची आधी ओढली. बरोबर कोणती, ते मालक बहुधा अकराव्या मिनिटाला सांगणार होता. बूट टाकून द्यावे लागले.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. पायलटबाईने त्यांना हिच्याकडे बघायला सांगितलं होतं. हातात चक्करेच्या गोळ्यांचं पाकीट, त्यावर ठळक अक्षरांत हिचं नाव. दवाखान्याची सवय. विचारलं, चक्कर कधीपासून येते? या बाईला दुसऱ्याच्या संसारात फार रस.

हिने पाकीट घेतलं, आभार मानले, त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग एक टॉवेल चार वेळा घडी केला. मग बोलली. म्हणाली, तुम्हाला कोणाच्या लग्नाला जायचं नसलं की माझं डोकं दुखतं. साहेब घरी येणार असले की माझी कंबर धरते. मागे सोसायटीच्या मीटिंगला तर मला कावीळ होती. एवढं सगळं अंगावर घेतलं, ही चक्करही घेते. पण उद्या मी वर जाणार. तुम्ही येताय की नाही, एवढंच सांगा.

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

येतो म्हणालो. आई वरच्या पलंगावरून म्हणाली, नक्की विचार, खुंटा हलवून बळकट करून घे. हे टोपणनाव तिला कोणी सांगितलं?

रविवार, १२ ऑक्टोबर. पहाटे ४.४५.
निर्णय पक्का. आज उडणार. भीती हा केवळ विचार आहे (माझंच वाक्य, कार्यशाळेची पुस्तिका, पान एक). मोज्यांचे दोन जोड घातलेत.

सकाळी ६.४०.
झालं ते असं. बलून जवळजवळ उभा राहिला होता. टोपलीजवळ गेलो. टोपली कमरेच्या वर आहे. दार नाही. कडेला पाय ठेवायला भोकं आहेत, त्यातून चढायचं. ही चटकन आत गेली. मला हात दिला. तेवढ्यात शिखरदोराकडे लक्ष गेलं. तिथे दोन पोरं उभी होती, पण दोघांचं मिळून माझ्याएवढं वजन नाही. सगळे प्रवासी स्वतःची हौस बघत असताना कोणीतरी कर्तव्य बघायला हवं. मी गेलो आणि दोर घेतला.

हिने हात तसाच धरला होता, मग मागे घेतला.

आई स्वेटर घालून, पर्स काखेत मारून उभी होती. शहात्तर वर्षांची बाई. म्हणाली, तिकीट दे इकडे. नर्सबाईंनी मागून ढकललं आणि गेली आत. बलून पुरता सरळ झाला. मी दोर घेऊन टोपलीपर्यंत गेलो. टीमचा माणूस म्हणाला, खुंट्या, सोड. मग म्हणाला, अहो, सोडा. मग त्याने माझी बोटं एकेक करून उघडली.

गेल्या वर. आईने पर्स हलवली. नर्सबाईंना.

सकाळी ७.३०.
दोघी जिथे उतरतील तिथे घरगाडी घेऊन आधीच हजर राहायचं, असं ठरवलं. असं काही केलं की माणसं मागचं विसरतात. गाडी सुरू केली, निघालो. विजेची केबल मैदानातल्या खांबाला जोडलेली राहिली होती. खांब आला बरोबर. अख्ख्या ओळीची वीज गेली. चाळीस गाड्यांतली माणसं मोकळे कप घेऊन बाहेर आली आहेत. इलेक्ट्रिशियनची वाट बघतोय. दार आतून लावलंय.

सकाळी ११.
टीमच्या जीपमधून दोघी आल्या. केस विस्कटलेले, हसत होत्या. मला बघून थांबल्या, म्हणजे हसायच्या. आई म्हणाली, वर इतकं शांत होतं की तुझं एकही भाषण आठवलं नाही.

वही उघडून हिला विचारलं, दोन हजार फुटांवरून काय दिसलं? पोस्टर छापून झालंय. म्हणाली, नदी दिसली, रस्ते दिसले, गाड्यांच्या ओळी दिसल्या. तुम्हीही बराच वेळ दिसलात. मी विचारलं, कसा दिसलो? म्हणाली, दोर केव्हाच काढून घेतला होता, तरी मुठी आवळून उभे होतात.

हे व्याख्यानात बसत नाही.

दुपारी २.
परत निघालो. गाडी ही चालवतेय. मैदानातून एका दमात बाहेर काढली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. पुढे तिच्याशेजारी आई. मी मागे, उलट्या तोंडाच्या सीटवर. रस्ता वळणांचा आहे. अक्षर हलतंय. चक्कर येतेय.

शेवटी गोळी मागितली. हिने आरशातून बघितलं. म्हणाली, पाकिटावर नाव माझं आहे, चालेल?

चालेल म्हणालो.