रिकाम्या मशीनचा वेग

७ एप्रिल
धुळ्यात पारा चव्वेचाळीस. दुपारच्या टायपिंग बॅचला कॉम्प्युटर लॅबमधली तीन मशीनं पुन्हा तापून बंद. लॅब याच महिन्यात माझ्याकडे आली. आधीच्या मॅडमनी कॅबिनेटची झाकणं काढून समोर पाण्याचा कूलर लावलेला, आत गंज. धन्य आहे! झाकणं बसवली, कूलर हलवला, धूळ काढली. मग वीसही मशीनवर प्रोसेसरचं सेटिंग बदललं : काम नसेल तेव्हा वेग आपोआप खाली, काम आलं की वर. आतापर्यंत समोर कोणी नसलं तरी फुल वेगाने पळत होती बिचारी.

११ एप्रिल
चार दिवसांत एकही बंद नाही. शिपाई भिकाभाऊ कॅबिनेटवर हात ठेवून म्हणाले, "ताई, बठ्ठं थंडगार शे!" प्राचार्यांना सांगितलं. ते नुसतं "बरं". चालेल.

१५ एप्रिल
नाना आले. संस्थेचे अध्यक्ष, जन्म कापसाच्या व्यापारात गेला. गाठीतून चिमूटभर रुई ओढायची, बोटांत ताणायची, अख्ख्या मालाचं ठरवायचं. लॅबमध्येही तेच. एका रिकाम्या मशीनवर वेगाचा आकडा दाखवायला लावला. ०.८. खोक्यावर छापलेला ३.६.
"माल बदलला का गं कोणी?"
वीस पोरींसमोर! म्हणजे चांगले प्रोसेसर काढून हलके बसवले. चोर म्हणाले मला. सरळ नाही, पण म्हणालेच.
मोठं काम लावून दाखवलं. आकडा सर्रकन ३.६. नाना चष्मा सावरत : "म्हणजे मी पाहिलं की पळतं, पाठ वळली की झोपतं. कामचोर."
"तुम्ही पाहता म्हणून नाही नाना, काम दिलं म्हणून पळतं."
पोरी हसल्या. तिथेच बिनसलं.

१६ एप्रिल
प्राचार्यांचं बोलावणं. सेटिंग पूर्ववत करा, आणि 'विनापरवानगी यंत्रांचा वेग कमी केला' असा माफीनामा द्या. "लिहून टाका हो मॅडम, कागदच तो. जूनच्या ऑर्डरवर सही नानांचीच असते." तात्पुरती नेमणूक, सहावं वर्ष. घाबरले, खोटं कशाला लिहू. पण हा कागद दिला की उद्या प्रोसेसर बदलल्याचं बालंटही माझ्याच माथी. सेटिंगला हात लावला नाही.

१७ एप्रिल
चोपड्याहून आईचा फोन. "काय करनं शे वाद करीसन? सोडी दे." आई, चुकले असते तर नानांच्या पाया पडले असते. लाज वाटली नसती. चुकले नाही ना पण! फोन ठेवल्यावर रडले थोडी. रागानेच.

२१ एप्रिल
कागद दिला. माझा. 'वीसही प्रोसेसर मूळचेच आहेत. कोणालाही बोलावून उघडून पाहावेत. एक नाही, वीसही. मी चूक केलेली नाही, सबब माफी मागत नाही.' प्राचार्य दोनदा वाचून : "सबब वगैरे कशाला?" झाकणं बसवताना भिकाभाऊ सोबत होते. "मी बी सही करस, ताई." नको म्हटलं, त्यांचीही नोकरी आहे. ऐकलं नाही, केलीच.

२३ एप्रिल
आज जाताना प्राचार्य दारात : "नानांनी उद्या अकराला बोलावलंय. लॅबची चावी घेऊन या." मी विचारलं, मशीनं तपासायला, की मला काढायला? "ते नानांनाच माहीत."
मशीनं अजून माझ्याच सेटिंगवर आहेत. मागितली तर चावी देईन. माफी नाही.