सोपाऱ्याची सुकेळी, टायलॉसची ताटली

उम्म अल हस्सम, बहरीन
झावळ्यांचा रविवार, दुपार

तीर्थरूप पास्कोलकाका यांना,

जेफ्रीचा पाया पडून नमस्कार. कार्मेलचाही नमस्कार. रिचेलचाही आहे (ती नुसतं "हाय, आजोबा" म्हणाली, पण गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, म्हणून मान खाली होती हे धरून मी तो नमस्कारात जमा केला आहे). तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की बाटली अजून कपाटावर शोभेला आहे? आम्ही इथे सुखरूप आहोत. ऊन चढायला लागलं आहे, पण अजून माणूस रस्त्यावरून चालू शकतो.

अहवाल हाताने लिहिलेला, सहीचा आणि लान्सीबरोबर पाठवलेला हवा, फोनवरचं काही मी पुरावा मानत नाही, अशी तुमची आज्ञा होती. आपल्या आळीतला लान्सी मंगळवारी निघतो आहे. बावीस वर्षांची नोकरी संपवून तो कायमचा आगाशीला येतोय, त्यामुळे त्याच्या सामानात एका पत्राला जागा मिळवायलाही मला वशिला लावावा लागला. असो. अहवालाची सुरुवात उद्देशाने करावी, असं तुम्हीच आम्हाला सातवीत इतिहासाच्या तासाला शिकवलंत (आणि मी केली नव्हती म्हणून बाकावर उभं केलंत), तेव्हा उद्देश आधी लिहितो.

तुमचं म्हणणं असं की, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या सोपाऱ्याची गलबतं या बेटावर येत होती, तेव्हा ग्रीक लोक याला टायलॉस म्हणत. वाटेत खलाशी खायचे काय? तर आपली सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधली की ती चाळीस दिवस टिकतात, आणि तुमच्या हिशेबाने गलबतालाही तेवढेच दिवस लागत. बावतीस मास्तरांचं म्हणणं, सुकेळी ही फार तर आपल्या पणजोबांच्या काळातली मिठाई. यावर तुम्ही चर्चच्या हॉलमध्ये भाषण जाहीर केलंत, ईस्टरनंतरच्या रविवारी, आणि सगळ्यांसमोर सांगितलंत की सुकेळी चाळीस दिवस टिकली नाही तर वाडीतली उरलेली राजेळी मी काढून टाकीन. काका, हे तुम्ही मास्तरांवरच्या रागाने बोललात असं लोकांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. मारीकाकी गेल्यावर ही पहिलीच सुकेळी तुम्ही एकट्याने केलीत. मांडवावर चढायला, केळी उलटायला, संध्याकाळी खाली उतरवायला दुसरं माणूस नव्हतं. तुम्हाला वाडी सोडायला निमित्त हवंय, आणि ते तुम्ही माझ्यावर सोपवलंत. म्हणून हे पत्र लिहिताना मला घाम फुटला आहे (एसी चालू आहे).

तुम्ही माझी निवड केलीत याची कारणं पटण्यासारखी होती. मी झल्लाकच्या हॉटेलात स्टोअर सांभाळतो, माल टिकवणं हाच माझा धंदा. शिवाय उपवासकाळ सुरू होणार होता, आणि राखेच्या बुधवारपासून आमच्या घरात गोडाला-मटणाला कोणी हात लावत नाही. तेव्हा चाळीस दिवस सुकेळीला आमच्याकडून धोका नाही, हे तुमचं गणित बिनचूक होतं. फक्त त्यात शेजारी धरले नव्हते.

चार पुडकी आली, प्रत्येकात बारा सुकेळी. तुमच्या सूचनेप्रमाणे एक गच्चीवर ठेवलं (गलबताचा डेक), एक स्वयंपाकघरात (गलबताचा तळ), एक झल्लाकला समुद्राजवळ (खारा वारा) आणि एक कपाटात कुलपात (कप्तानाची खोली). झल्लाकचं पुडकं पहिलं बाद झालं. आमच्या स्टोअरमध्ये ज्या वस्तूवर तयार केल्याची तारीख नाही ती चोवीस तासांत बाहेर जाते. हा नियम कडक आहे, आणि तो मीच केलेला आहे. मी लेबल लिहायला बसलो, तर पेस्ट्रीवाली कश्मिरा मागे येऊन उभी राहिली आणि उत्पादकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, पास्कोल सर. तिने लायसन्स नंबर विचारला. मी पुडकं मुकाट्याने घरी आणलं.

आता मुख्य अपघात. खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण हलिमा राहते, तिचे वडील नुमानबाबा तिच्याकडेच असतात. यंदा रमजान आमच्या उपवासकाळाच्या चारच दिवस आधी लागला. इथे रमजानात संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी शेजाऱ्यांकडे ताटली पाठवायची पद्धत आहे. नेमकं राखेच्या बुधवारी हरीस आलं, गहू आणि मटण घोटून केलेलं, वर तूप. दुसऱ्या दिवशी मधात बुडवलेले तळलेले गोळे. म्हणजे आम्ही जे जे सोडलं होतं ते ते रोज सव्वापाचला दार वाजवून येत होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. मटण फ्रीझरमध्ये गेलं, गोड लान्सीकडे गेलं (लान्सी उपवासकाळात फक्त सिगारेट सोडतो). पण काका, ताटली उरली. काचेची, निळ्या काठाची. ती परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची?

कार्मेल हॉस्पिटलमधून ड्युटी करून आलेली, घरात उपवासाचं जेवण, म्हणजे डाळ. डाळ ताटलीत राहत नाही. तिने स्वयंपाकघरातल्या पुडक्यातून दोन सुकेळी काढली, ताटलीत ठेवली आणि रिचेलला खाली पाठवलं. मी घरी आल्यावर आरडाओरडा केला. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या काकीने कधी कोणाचं भांडं रिकामं पाठवलेलं बघितलंस?" मी ताटलीचा विषय सोडून डाळ वाढून घेतली. तुम्हीही घेतली असतीत.

दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. पुढचं तुम्हाला सांगायला नको. दिवसभर उपाशी असलेलं घर गोड-मटण सोडलेल्या घराला खाऊ घालत होतं, आणि मधल्या मधे दोन हजार वर्षांचा पुरावा रोज दोन-दोन नगांनी जिना उतरत होता. गच्चीवरचं पुडकं तरी वाचेल अशी मला आशा होती. पण नुमानबाबा संध्याकाळी बांग ऐकायला गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. दातांशी त्यांचं फारसं सख्य उरलेलं नाही, खजूर चावायला त्रास होतो, आणि सुकेळी जिभेवर विरघळतात हे त्यांना ताटलीमुळे कळलं होतं. खुर्चीजवळ पुडकं दिसल्यावर त्यांचा समज झाला की वरच्या भाडेकरूंनी म्हाताऱ्याला जिने नकोत म्हणून ते तिथे ठेवलं आहे. सहा दिवस त्यांनी त्यावर रोजा सोडला. सातव्या दिवशी हलिमा आभार मानायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला हा शास्त्रीय प्रयोग आहे असं सांगणार होतो, तोंडातून फक्त "अहलान, अहलान" (या, या) निघालं.

कपाटातलं आणि झल्लाकहून परत आलेलं पुडकं ईदला गेलं. ईदला रिकाम्या हाताने कोणाच्या दारात कसं जायचं? दर रविवारी मी तुम्हाला फोनवर "सुकेळी उत्तम" कळवत होतो, ते खोटं नव्हतं. सगळ्यांनी उत्तमच सांगितलं. पण ईदनंतरचे दोन रविवार मी आठवणीवर काढले, त्याबद्दल कान पकडतो.

आज चाळिसावा दिवस. शिल्लक शून्य. शेवटचा उपाय म्हणून मी शुक्रवारी रिचेलला घेऊन म्युझियममध्ये गेलो, सोपाऱ्याचं काही सापडलं तर तुमच्या भाषणाला आधार मिळेल म्हणून. टायलॉसच्या काळातल्या काचेच्या कुप्या आहेत, मडकी आहेत, मणी आहेत. पहारेकऱ्याला मी केळ्याबद्दल विचारलं, तर त्याने कॅफेटेरियाची दिशा दाखवली. रिचेल काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "पप्पा, दे मस्ट हॅव ईटन इट ऑल."

काका, मी तुमच्यासारखा विद्वान नाही, पण मला वाटतं पोरीने तुमचं भाषण लिहून दिलं. तुमचा सिद्धांत थोडा चुकला आहे. सुकेळी ही शिदोरी नव्हती, तो माल होता. मडकं फुटतं म्हणून सापडतं, मणी हरवतो म्हणून सापडतो. सुकेळी सापडत नाही, कारण इथल्या माणसांनी एकही शिल्लक ठेवलं नाही, आणि ताटल्या सोपाऱ्याला परत पाठवल्या. बावतीस मास्तरांनी पुरावा मागितला तर सांगा, अठ्ठेचाळीस नग होते, पुन्हा करून बघितलं, तेच झालं. आणि राजेळी काढू नका. प्रयोग फसला नाही, संपला.

काकीच्या थडग्यावर ईस्टरला आमच्या नावाने मेणबत्ती लावा. तुमची फार आठवण येते, हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितो.

तुमचा आज्ञाधारक (सोयीप्रमाणे) पुतण्या,
जेफ्री

ता. क. उपवासकाळात गोड सोडल्याचं मी वर लिहिलं आहे. पुडकी आली त्या आठवड्यात एक सुकेळं मी झल्लाकला गाडीत बसून खाल्लं. तेव्हा राखेचा बुधवार होऊन एक दिवस झाला होता. फादरना सांगितलं आहे. म्हणजे बाहेर गेलेले नग सत्तेचाळीस. चव काकीच्या हातचीच होती, तुम्ही एकट्याने केलीत तरी. मला गाडी चालू करायला थोडा वेळ लागला.

ता. क. दोन. लान्सीजवळ पत्राबरोबर, सामानात नव्हे तर हातात, कपड्यात गुंडाळलेली एक वस्तू आहे, सांभाळून सोडा. निळ्या काठाची काचेची ताटली आहे, हलिमाची. वर खजूर आहेत, नुमानबाबांनी स्वतः निवडून मऊ मऊ तेवढे ठेवले आहेत, "ज्याने केळी वाळवली त्याला" म्हणून. ताटली त्यांच्या सहाच्या संचातली आहे, तेव्हा परत आली पाहिजे. रिकामी पाठवायची आपल्यात पद्धत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. लान्सी आता इकडे यायचा नाही, कुरिअरला काच द्यायची माझी छाती होत नाही, आणि सामानात टाकली तर फुटेल. ती कोणीतरी मांडीवर धरूनच आणायला हवी. तुमचा पासपोर्ट काकीच्या पेटीत, लग्नाच्या फोटोखाली आहे. व्हिसाचं मी बघतो.