गाडीतलं होम

शनि. १४ ऑक्टो. २००६
सकाळी निलेश आणि बाबांबरोबर गाड्या बघायला. निलेशचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी इथे इंग्लंडला आल्यापासून आपल्या छोट्या हॅचबॅकमध्ये सहा जण मावत नाहीत. दर वेळी कुणीतरी घरी राहतं, आणि ते कुणीतरी बहुतेक मीच.
तीन गाड्या पाहिल्या. नि. तिसऱ्यापाशी जो थांबला तो थांबलाच. सात सीटची, डिझेल, गडद हिरवी, तीन वर्षं वापरलेली. आत लेदर, लाकडी पट्टी, रस्ता सांगणारं सॅट नॅव्ह. डीलर कीथ म्हणाला, आधीचा मालक एकच, फॅमिली कार होती, छान सांभाळलेली.
बाबांची सगळी नोकरी पिंपरीला डिझेल इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये गेली. ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, कुणाचा ताप बघावा तसे.
मी विचारलं, "कशी आहे, बाबा?"
"इंजिन उत्तम आहे. फक्त जागेवर उभं राहून फार चाललंय हे. रोज, तास तास."
कीथला सांगितलं तर तो हसला. असेल, म्हणाला, शाळेबाहेर वगैरे.

मंगळ. १७ ऑक्टो.
कीथ मुलींच्या हाफ-टर्मच्या सुट्टीचा आठवडाभर गाडी द्यायला तयार आहे. सोम. ३०ला परत करायची, नाहीतर घ्यायची. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, तर गाडीचीही टेस्ट शीट केली. पायरीची उंची (बाबांचा गुडघा). तिसरी रो. धाकट्या लेकीची, मीराची, बूस्टर सीट. सातही सीट्स वर असताना बूट (डिकी). थंड इंजिनाचा आवाज. पार्किंग. नि. शीट बघून म्हणाला, "लग्नाआधी माझी केली होतीस का अशी?"

शनि. २१ ऑक्टो. लक्ष्मीपूजन
गाडी आणली. आईंना कुंकू लावायचं होतं. नि. म्हणाला, "आई, अजून आपली नाहीये ती." त्यांनी तरी चाकाला बोटभर लावलंच.
पहिली निरीक्षणं: पायरी उंच, पण बाबा वरचं हँडल धरून चढतात. तिसऱ्या रोमध्ये इरा (११) गुडघे पोटाशी घेऊन बसते. मीरा (६) मजेत. सातही सीट्स वर केल्या की डिकीत सेन्सबरीच्या किराणाच्या दोन पिशव्या, बस्स. तिसऱ्या रोत जाताना मधली डावी सीट पुढे पडत नाही, लिव्हर अडकतो. वर उचलून मग ओढायचा, मीराला पहिल्या फटक्यात जमलं. कुणी शिकवलं, विचारलं तर "तसाच असते ना" म्हणाली, तिच्या तोडक्या मराठीत.
तिसऱ्या रोच्या काचेवर आतून बोटांचे ठसे. दोनदा पुसले.

मंगळ. २४ ऑक्टो. भाऊबीज
हे नीट लिहून ठेवते.
सकाळी सगळे बर्मिंगहॅमला सुनीताताईंकडे, म्हणजे नि.च्या बहिणीकडे. मोटरवेवर गाडी राणीसारखी. चढावर दम नाही, आत आवाज नाही. आई झोपल्या, ही मोठीच पावती. ओवाळणं, जेवण, चकल्यांचा डबा घेऊन अडीचला निघालो.
येताना नि.ने सॅट नॅव्हवर नुसतं होमचं बटण दाबलं. आपण आपला पत्ता घातलाच नव्हता हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. गप्पा चालल्या होत्या. न्यूबरीच्या आसपास सॅट नॅव्हमधल्या बाईने A34 हायवे सोडायला लावला. नि. म्हणाला, पुढे ट्रॅफिक असेल. मग बारीक रस्ता, मग त्याहून बारीक, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती. मग एक वळण, उघडं लाकडी गेट, खडी, विटांचं घर. "यू हॅव अराइव्ह्ड."
चार वाजले होते. लख्ख उजेड होता.
नि. रिव्हर्स घालणार तेवढ्यात दार उघडलं. सत्तरीच्या पुढची बाई, ॲप्रन, पिठाचे हात. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मागच्या काचेपाशी गेली, कपाळ टेकवून आत बघितलं. मीरा तिथे झोपली होती. बाईने बोटाने मोजलं. एकेक सीट, हळूहळू, ओठ हलवत.
"सगळे सात," म्हणाली. "बरं झालं. मला वाटलं या वेळीही कुणीतरी राहिलं."
आम्ही सहा जण होतो.
मग एक म्हातारे गृहस्थ घाईघाईने आले, तिच्या कोपराला धरलं. "आय ॲम सो सॉरी. ते इंजिन. तिला इंजिन ऐकू येतं." त्यांनी वाकून, अगदी जवळून नंबर प्लेट बघितली. मग नि.ला म्हणाले, "तुम्ही घेतलीत तर."
नि. म्हणाला, नाही, फक्त टेस्ट करतोय, चुकून आलो.
"डाव्या सीटचा लिव्हर अजून अडकतो?"
मी हो म्हटलं. ते हसले. त्यांच्या मुलीची गाडी होती. मुलगी, जावई, नातवंडं. रोज चारला शाळेतून इथे. "मार्चमध्ये गेले ते."
परत रस्त्याला लागल्यावर बाबांनी विचारलं, "गेले म्हणजे? गावाला गेले, की गेले?"
नि. म्हणाला, इंग्लिशमध्येही तसंच म्हणाले ते. कळत नाही.
आई मागे वळून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होत्या. बेसिंगस्टोक येईपर्यंत.

बुध. २५ ऑक्टो.
नि.चं म्हणणं, बाईने सीट्स मोजल्या, माणसं नाही. सरळ आहे. त्याने जुनं होम पुसून आमचा पत्ता घातला. तीनदा तपासून पाहिलं, बरोबर घरी आणते.
आईंना गाडी नको. "दुसऱ्याच्या घराची वाट अंगवळणी पडलेली गाडी आहे ती," म्हणाल्या.
बाबा: "गाडीला कसली वाट, लोखंड आहे ते."
आई: "मग तुम्ही हात लावून काय ऐकत होतात?"
कीथला फोन केला. गाडीला कधी अपघात? नाही, कागद स्वच्छ आहेत. विकली कुणी? ते सांगता येत नाही. "का? काही प्रॉब्लेम?" मी म्हटलं, लिव्हर अडकतो.
मीरा आंघोळ करताना: "आई, ती आजी माझा आहे का?" नाही म्हटलं. "मग तिला मी माहीत का होती?"
झोपली होतीस तू, म्हटलं. तर म्हणे डोळे मिटले होते फक्त.

शुक्र. २७ ऑक्टो.
कुणाला सांगितलं नाही. नि.ला टाऊनमध्ये जाते म्हटलं.
स्वतःला सांगितलं की एकटीने लांबचं ड्राइव्ह हा शीटवरचा शेवटचा आयटम आहे. सॅट नॅव्ह बंद ठेवलं. वळणं आपोआप आली. मंगळवारी मी बोलत होते, रस्ता बघतसुद्धा नव्हते, तरी.
त्याच लाकडी गेटपाशी थांबले. ती दारात उभी होती, आधीच.
"केट, केस कापलेस."
मी नाही म्हणायला हवं होतं. तिने हात धरून आत नेलं. गरम स्वयंपाकघर, मोठं टेबल, त्यावर स्कोन्स, इथले ते गोडसर छोटे पाव. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, प्रत्येकीपुढे तारीख. शेवटची तारीख मार्चमधली. एकही फोटो नाही. फोटो काढून ठेवलेल्या जागी भिंत फिकट होती.
ती बोलत होती, मी हो हो करत होते. तुझी पाठ कशी आहे. बरी आहे. तो जेवतो का नीट. जेवतो. किती सोपं होतं ते. नागपूरला माझ्या आईला रविवारी फोन करते तेव्हा इतक्या सहज उत्तरं देत नाही मी. ती "कधी येतेस" विचारते आणि मी रजा, व्हिसा, मुलींची शाळा असलं काहीतरी सांगत बसते.
गृहस्थ म्हणजे जेफ्री. ती म्हणजे मार्गरेट. ती चहाचं बघायला वळली तेव्हा मी हळूच विचारलं, कुठे आहेत ते सगळे?
"मी तिला ऑस्ट्रेलिया सांगतो," ते म्हणाले. "ते तिला पटतं."
मी वाट पाहिली. ते टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा करत राहिले.
मार्चनंतर गाडी इथेच होती, म्हणाले. जेफ्री रोज चारला ती बाहेर काढून गेटपाशी तासभर नुसती चालू ठेवायचे. तेवढ्यावर मार्गरेट जेवायची, झोपायची. उन्हाळ्यात त्यांची नजर अधू झाली, लायसन्स गेलं, कुणीतरी येऊन गाडी विकून टाकली. कुणीतरी म्हणजे कोण, तेही विचारलं नाही मी.
निघताना ते गाडीपर्यंत आले. दारावर हात फिरवला, अंदाजाने. "घेतलीत तर कधीतरी आणाल? चारला. आत नका येऊ. गेटपर्यंत. आवाज पुरे आहे तिला."
बघते म्हटलं.

रवि. २९ ऑक्टो.
घड्याळं मागे गेली. पाचलाच दिवे लावले.
नि.ला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, ते जास्त लागलं. "तू केट म्हणून बसलीस तिथे?" मग, "वैदेही, त्यांचं दुःख आहे ते. आपण त्यात सीट नाही घ्यायची."
बरोबर आहे त्याचं. पण नको असेल तर गाडीच परत कर म्हटलं, तर तेही नको त्याला. दुसरी गाडी इतकी चांगली मिळणार नाही. बाबा त्याच्या बाजूने. आई देवापुढे बसून.
नागपूरला फोन. आई म्हणाली, आवाज का असा? सर्दी आहे म्हटलं.

सोम. ३० ऑक्टो.
सही केली. गाडी आपली. शीटवरचा निकाल: पायरी सोडून सगळीकडे पास. लिव्हर कीथने दुरुस्त करून दिला, आता बोटाने पडतो.
आईंनी आज रीतसर कुंकू लावलं, नारळ फोडला. पण संध्याकाळी मुलींना तिसऱ्या रोमध्ये बसू देत नव्हत्या. मीरा रडली. तिला मागेच बसायचं असतं.

बुध. १ नोव्हें. सव्वाचार
हे मीराच्या शाळेच्या पत्राच्या मागे, स्टीअरिंगवर ठेवून लिहितेय. नंतर वहीत उतरवीन.
मुलींना शाळेतून घेतलं आणि सरळ इकडे आले. एकदाच, म्हणून. नि.ला आज रात्री सांगणार आहे.
वळणापाशी पोचले तर मार्गरेट गेटबाहेर उभी. कोट घातलेला, वरपर्यंत बटणं लावलेली, टोपी, पायाशी छोटी बॅग. मी काच खाली केली, म्हटलं, मार्गरेट, आत चला, गार आहे. ती हसली. मागचं दार उघडलं, सीट पाडली, वाकून तिसऱ्या रोमध्ये गेली, मीराशेजारी बसली, बेल्ट लावला. सगळं इतकं सवयीने की इरा नुसती बघत राहिली.
"चला," म्हणाली. "तो येणार नाहीये."
कोण, विचारलं. ती मांडीवर बॅग घेऊन पुढे बघत बसली.
दोनदा हॉर्न दिला. उतरून गेटमधून हाक मारली, जेफ्री, जेफ्री. घराचं दार पूर्ण उघडं. आत दिवा नाही, चिमणीतून धूर नाही. परत गाडीत आले. इरा हळू मराठीत म्हणाली, "आई, तिच्या कोटाला माती लागली आहे. हाताला पण." मी आरशात बघितलं. आता हातमोजे घातलेत तिने, दिसत नाही.
मोबाइलला इथे सिग्नलची एकच दांडी. नि. उचलत नाही. पोलिसांना फोन लावला तर कट झाला. परत लावते.
मीरा काहीतरी विचारतेय आणि ती उत्तर देतेय, हळू, छान आवाजात. मीरा हसतेय. बहुतेक नातवंडांची नावं सांगतेय तिला.
इंजिन चालूच ठेवलंय. बंद करायला गेले तर ती मागून म्हणाली, "नको, केट."
इराला पुढे घेतलंय, दारं आतून लॉक करायला सांगितलीत. नाही, तसं नको, मीरा मागे आहे. मीराला बोलावलं, ती येत नाहीये.
मीराला उचलून पुढे घेते. मग घराच्या दारापर्यंत जाऊन जेफ्रींना पाहते. फक्त दारापर्यंत.