बांनी सांगितलेला निरोप

प्रिय लल्ला तौदा, माझ्या मोठ्या बहिणी,

तुझा निरोप मंगळवारी आला. तू एकच गोष्ट विचारली होतीस: बा मराकेशला कामावर होते, तेव्हापासूनच त्यांना विसरायला होत होतं का? पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी अगादीरच्या डॉक्टरांना सांगायचं आहे, म्हणून नीट आठवून कळव, असंही लिहिलं होतंस. मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर मी तुझ्या मुलींची चौकशी केली असती, टिझनिटला वारा सुटलाय का ते विचारलं असतं आणि ठेवून दिला असता. म्हणून कागद घेतला. ही दुसरी प्रत आहे. पहिलीत खाडाखोड फार झाली.

माझं बरं चाललंय. एका हॉटेलात न्हाणीघरांच्या भिंती करतोय. चुना कधी भिजवला त्याची तारीख मी प्रत्येक बादलीवर लिहितो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. जोडीचा कारागीर सालेम तोच आहे, तसाच. परवा म्हणाला, ‘मास्तर, भिंत वाचायची नसते, घोटायची असते.’ मी हसलो. हे नाव खरं तर तुझ्यामुळे पडलं. सातवीत शाळा सुटल्यावर तू मला अंगणात बसवून फ्रेंच शुद्धलेखन घोटून घेतलंस, एक अक्षर चुकलं की अख्खी ओळ पुन्हा. तुझ्या आईनं मला आणि तुझ्या धाकट्या भावाला एकत्र दूध पाजलं, बांनी हातात थापी दिली आणि तू अक्षर दिलंस. त्या घरातून मी जे घेतलं त्यातलं शेवटचं मी कसं वापरलं, ते आता सांगतो.

सक्कातबाईंचं ते खजुरीच्या बागेतलं घर. तुला फोटो पाठवले होते. तीस वर्षांचा जुना बंगला विकत घेऊन त्यांनी आतून सगळा मोकळा केला. कमानी पाडल्या, दोन मजल्यांमधलं छत काढलं, दिवाणखान्यापासून थेट पोहण्याच्या तलावापर्यंत काच लावली. या सगळ्यात त्यांना एकच भिंत आपल्या हातची हवी होती. अकरा मीटर लांब, पाच मीटर उंच, तिच्यावर ना चित्र ना दिवा, नुसता तादलाक्त, दगडानं घोटून चकाकवलेला आपला चुना. रंग ठरवायला आम्ही चौदा नमुने करून दिले. बाई ते सकाळी बघायच्या, दुपारी बघायच्या, तळहात फिरवायच्या. बा मला म्हणाले, ‘ही बाई फोटोवरून ठरवत नाही रे. हिच्यासाठी घोटायला मजा येईल.’ किती वर्षांनी त्यांच्या तोंडून असं ऐकलं.

घराची आखणी नौफेल नावाच्या तरुण आर्किटेक्टची होती. वाईट माणूस नाही. बा वितीनं भिंत मोजायचे तेव्हा तो हसायचा, पण तोंड फिरवून. त्याचा नियम एकच: जे लिहून पाठवलं नाही ते सांगितलंच नाही. बांना लिहिता येत नाही, म्हणून सगळे निरोप माझ्या फोनवरून जायचे. बा हात मागे बांधून उभे राहायचे आणि सांगायचे. सुरुवात सलामानं, मग नौफेलच्या आईची तब्येत, मग अल्लाकडे त्याच्यासाठी दुवा, आणि कुठे तरी शेवटी काम. पहिल्यांदा मी सलाम गाळला. मग आईची तब्येत, मग दुवा. नौफेल एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘या धंद्यात मुद्द्याचं आणि बिनचूक लिहिणारा पहिलाच माणूस भेटला.’ पुढच्या बंगल्यावर मला देखरेखीला घेईन, असंही म्हणाला. ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं, ते लिहायला लाज वाटते.

काम सुरू होण्याच्या आधीच्या गुरुवारी बांनी त्या भिंतीचा जुना गिलावा नखानं खरवडला, चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. ‘जिप्सम आहे. वरून चुन्यासारखं रंगवलंय, आतून जिप्सम. यावर आपला चुना धरणार नाही, पोपडा सुटेल. विटेपर्यंत सगळं काढायचं, नवा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा. वीस दिवस जास्त लागतील. लिही त्याला.’ मी लिहिलं, तौदा. सगळं लिहिलं. ‘जिप्सम’चं फ्रेंच स्पेलिंग दोनदा तपासलं. आणि मग वाटलं, हा निरोप वाचून नौफेलच्या तोंडावर ते हसू येईल, जुने कारागीर म्हणजे फक्त ‘थांबा’ म्हणायला शिकलेले, असं तो नेहमी म्हणायचा. बाईंच्या मुलीच्या साखरपुड्याची तारीख ठरली होती. तारीख पुढे ढकला असा निरोप माझ्या नावानं जाणार होता. मी सगळं खोडलं आणि पाठवलं: भिंत तपासली, सोमवारी सुरू करतो.

एवढंच केलं असतं, तर बा सोमवारी भिंतीला हात लावायला तयार झाले नसते. त्यांनी विचारलं, ‘काय म्हणाला?’ मी म्हणालो, ‘म्हणाला, वेळ नाही, आहे त्यावरच करा. पुढचं मी बघतो, जबाबदारी माझी.’ बांनी मला दोनदा विचारलं. ‘जबाबदारी माझी, असं म्हणाला? स्वतः?’ मी हो म्हणालो.

तादलाक्तची भिंत एकदा धरली की पूर्ण केल्याशिवाय सोडता येत नाही, हे तुला सांगायला नको. सांधा दिसतो. पहाटेच्या नमाजानंतर आम्ही सात जण चढलो. वर सालेम, मध्ये मी, खाली बा. जेवणही एकेकानं, आळीपाळीनं. दुपारी चुना आवळायला लागला तसे सगळ्यांनी दगड काढले आणि घोटायला सुरुवात केली. मग बोलणं थांबलं, नुसता दगडांचा आवाज. संध्याकाळी काळा साबण लावून शेवटचा हात फिरवला तेव्हा सक्कातबाई आल्या आणि चप्पल काढून भिंतीजवळ गेल्या. बांना, उस्ताद कारागिराला म्हणतात तसं, म्हणाल्या, ‘मालेम, हे तर पाण्यासारखं झालंय.’ बा म्हणाले, ‘मदाम, पाण्याला घाई केलेली चालत नाही.’ त्यांना खुशी नव्हती. मला मात्र वाटलं, बघा, धरलं की.

बाराव्या दिवशी, साखरपुड्याच्या आदल्या सकाळी, दाराएवढा तुकडा सुटून खाली आला. कोणाला लागलं नाही. उरलेल्या भिंतीवर टकटक केलं की आतून पोकळ वाजायचं. आम्हाला बोलावलं. बाई ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मालेम, तुम्हाला कळलं नाही, असं मी मानणार नाही. मग सांगितलं का नाही?’ बा शांत होते. ‘सांगितलं होतं, मदाम. लिहून पाठवलं होतं. यांनीच करा म्हटलं.’ नौफेलनं लगेच फोन काढला. ‘सगळे निरोप इथे आहेत. दाखवा कुठे आहे.’ बांनी तो फोन हातात घेतला, आणि माझ्यापुढे धरला. ‘वाच रे इद्दर. त्यांना वाचून दाखव.’

मी वाचलं. वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत, जणू शोधतोय. आणि म्हणालो, ‘नाहीये, बा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी ओळखीची गल्ली अचानक वेगळी दिसावी तसं. मग बाईंकडे वळून म्हणाले, ‘मग मीच सांगायला विसरलो असेन. सांगितलं असं मनात धरून बसलो. वय झालं.’ सालेमनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. एवढे दिवस मी स्वतःला समजावत होतो की बांना सगळं कळलं होतं, मला वाचवायला त्यांनी ते अंगावर घेतलं. असं मानलं की मला झोप लागायची. तुझा निरोप वाचून कळलं की तसं नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावरचा काढून घेतला. तू लिहितेस, ते आता एकटे मशिदीतही जात नाहीत, परतीचा रस्ता विसरेन म्हणतात. घोटायचे दगड त्यांनी वाटून टाकले. तुला रोज विचारतात, ‘मी मीठ घातलं का, दार लावलं का, मी काल काय बोललो?’

बुधवारी मी नौफेलकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘आता सांगून काय होणार? त्या भिंतीवर आम्ही दगडी फरशी लावली.’ मग म्हणाला, ‘मी बाकीच्या आर्किटेक्टांनाही त्यांचं नाव घेऊन सांगितलं होतं, यांना काम देऊ नका.’ सक्कातबाईंनाही मी लिहिलं आहे. त्यांचं उत्तर आलं नाही. देखरेखीचं काम दुसऱ्याला मिळालं होतं, ते बरंच झालं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बा काहीही विसरले नव्हते. जिप्सम, वीस दिवस, विटेपर्यंत काढायचं, शब्दन् शब्द त्यांनी सांगितला होता. हे पत्र तुझ्या नावानं आहे ते फक्त वाचता तुला येतं म्हणून. गुरुवारच्या आधी त्यांना समोर बसवून हे वाच. त्यांना त्रास होईल म्हणून काही गाळू नकोस आणि माझी दया येऊन कुठलं वाक्य मऊ करू नकोस, मी तेच करत आलो. मधेच ते थांब म्हणतील, उठून जातील, तरी मागाहून उरलेलं वाच. मला शिव्या दिल्या तर मला चांगलंच वाटेल, कारण मग त्यांना माहीत असेल की कोणाला द्यायच्या. त्यांनी माझ्यासाठी निरोप सांगितला तर तो जसाच्या तसा लिही, सलामासकट असला तरी आणि सलामाशिवाय असला तरी.

तुझाच, दुधाच्या नात्यानं, ते तू ठेवशील तर,
इद्दर