वाटीखालचा उमेदवार

८ सप्टेंबर

रविवार म्हणून कॉफीच्या दुकानात. अरविंद, शिरीष, मी. शिरीषच्या माधुरीचा गुडघा दुखतोय, ती आली नाही.

विषय तोच. नदीपलीकडची, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. दोघांनीही नोकऱ्या मिशिगनमध्ये केल्या, अरविंदनं कारखान्यात, शिरीषनं हॉस्पिटलात. नागरिकत्व तिथलं घेतलं, म्हातारपण इथं ओंटारियोतल्या लंडनमध्ये काढतायत. मत अजून तिकडे. ओंटारियोच्या पुढच्या निवडणुकीत आपल्या भागातून कोण उभं राहणार, विचारलं तर दोघेही खिडकीबाहेर बघतील.

आज युद्ध, सुनेच्या देशातलं.

"आपला माणूस स्पष्ट बोलतो," अरविंद म्हणाला. "मदत बंद. आधी गोळीबार थांबवा, मग बोला. झालं ते झालं."

"आणि गेलेली जमीन?" शिरीषनं विचारलं.

"गेली ती गेली. जमीन काय चाटायचीय?"

"कोथरूडच्या फ्लॅटचं पार्किंग शेजाऱ्यानं घेतलं तेव्हा कोर्टात कशाला गेलास रे?"

अरविंद हसला. शिरीषचा उमेदवार म्हणतो, लागेल तोवर मदत देऊ. शिरीषला ते आवडतं. तोफगोळे मिशिगनमध्येही बनतात, लोकांना काम मिळतं, असं त्यानं मफिन खात सांगितलं.

माझंही मत आहे. विचारलं कुणी नाही.

१५ सप्टेंबर

मुलाचा, निखिलचा, नॉर्थ यॉर्कहून फोन. सूनबाईला, दारिनाला, आठवा लागेल आता. तिच्या आईला येता येत नाही. गाव युद्धाच्या पहिल्याच वर्षी गेलं, घर आघाडीच्या रेषेच्या पलीकडे राहिलं. आई बहिणीकडे दुसऱ्या शहरात, अंथरुणावरच्या आजीला सांभाळत. भाऊ आघाडीवर. तारास. लग्नात त्यानं अरविंदला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं.

बाळंतपणाला मी जाणार. दारिना स्वतः फोनवर आली. "आई, यू विल कम, नो? मला काहीच येत नाही." 'मला काहीच येत नाही' मराठीत म्हणाली. निखिलनं शिकवलं असेल.

डोहाळजेवण इथं आपल्या घरी करायचं ठरलं.

२३ सप्टेंबर

मतपत्रिका आल्या. दोन.

आमची नवरा-बायकोची पद्धत: अ. डायनिंग टेबलावर दोन्ही भरतो, मी माझ्या पाकिटावर सही करते, तो पोस्टात टाकतो. पहिल्यांदा मला फ्लू होता म्हणून. नंतर तसंच. मी आयुष्यभर मुलांना कविता शिकवली, ओळ स्वतः वाचा म्हणून ओरडले.

या वेळी म्हटलं, राहू दे, मी बघते. तो म्हणाला, "बघ की. तीन तर रकाने आहेत."

५ ऑक्टोबर

घरात निशिगंध. टोरांटोहून मागवला, फुलांचे दागिने माधुरी करतेय. हिरवी साडी माझीच.

संध्याकाळी अ. आणि शिरीष बेसमेंटमध्ये खुर्च्या लावत होते. वरपर्यंत हसणं ऐकू आलं. उद्याच्या वाट्यांच्या खेळात पेढा अ.च्या उमेदवाराचा, बर्फी शिरीषच्या. दारिना जी वाटी उचलेल तो जिंकणार. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळलंच असेल, मग वाट्यांना काहीतरी काम नको का, असं शिरीषचं म्हणणं. कळलेलं नाही. निखिल-दारिनानं विचारून घेतलं नव्हतं.

मी जिन्यावरून म्हटलं, तिला सांगून करा. इतकंच म्हटलं. मग साबुदाणा भिजत घालायला गेले.

६ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही. तरी.

दारिना सुंदर दिसत होती. डोक्यापासून मनगटापर्यंत पांढरी फुलं, साडीखाली लोकरी मोजे. ओटी भरली. माधुरीनं गाणं म्हटलं, दारिनाला त्यातला एक शब्द कळत नव्हता तरी ती मान डोलावत होती. मग वाट्या. पालथ्या, चांदीच्या. तिनं खूप वेळ घेतला. एकीवर हात, दुसरीवर हात. पोटावर हात. सगळे ओरडत होते. तिनं डावी उचलली.

पेढा.

अ.नं टाळी वाजवली. "मिशिगन आपलं!"

शिरीष: "बेस्ट ऑफ थ्री! बेस्ट ऑफ थ्री!"

दारिना हसत होती. "सो इट्स अ बॉय?"

माधुरी इंग्रजीत म्हणाली, नाही गं, हे दोघं म्हातारे ना, प्रेसिडेंट काढतायत.

"विच वन?"

अ.नं सांगितलं. अभिमानानं.

तिनं वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "अँड माय ब्रदर?"

अ. तिच्याजवळ गेला, वाकला. त्याला खरंच वाटत होतं की तो तिला काही चांगलं सांगतोय. हे लिहून ठेवते. "तो घरी येईल, बेटा. युद्ध संपेल. म्हणूनच तर म्हणतोय मी."

"घर रेषेच्या पलीकडे आहे, बाबा."

शिरीषनं बर्फीची वाटी उचलून बाजूला ठेवली, जणू तीच अडचण होती. म्हणाला, म्हणूनच आमचा माणूस म्हणतो, अ‍ॅज लाँग अ‍ॅज इट टेक्स, लागेल तोवर मदत. दारिना त्याच्याकडे वळली. "टेक्स हूम, अंकल? लागेल तोवर कोण लागेल?"

निखिलनं कोट आणला. तिनं फुलं एकेक काढून माझ्या हातात दिली. तुटू नयेत म्हणून जपून.

७ ऑक्टोबर

उरलेलं जेवण फ्रीजमध्ये. अ. म्हणतो, "हार्मोन्स. आठव्यात होतं असं."

९ ऑक्टोबर

निखिलचा फोन, ऑफिसच्या वॉशरूममधून बोलत असावा, आवाज घुमत होता. "आई, यू कम. अ‍ॅज प्लॅन्ड. बट बाबा नाही. जस्ट कीप हिम देअर."

मी म्हटलं, वडील आहेत तुझे.

"आय नो हू ही इज."

मग मराठीत, हळू: "ती रात्री उठून भावाचं लास्ट सीन बघते गं."

अ.ला सांगितलं. तो टीव्ही बघत होता, आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही.

१२ ऑक्टोबर

भांडण. दिवसभर, तुकड्यातुकड्यानं.

तो: मी माझ्या मताची माफी मागू? या वयात? सुनेकडे?

मी: मताची नाही. वाट्यांची.

तो: खेळ होता.

मी: तिचा होता. तू घेतलास.

तो: तूही घरातच होतीस. ऐकलं होतंस.

खरं आहे. म्हणून मी भांडी जरा जोरात घासली.

दुपारी तो: माणसं मरायची थांबावीत असं म्हणणारा मी राक्षस, आणि तोफगोळे विकणारा शिरीष साधू? यात चुकीचं काय ते मला पटकन सांगता आलं नाही. संध्याकाळपर्यंत सुचलं. थांबावं कुठं हे त्यानं तिच्या घराकडे न बघता ठरवलं. पण तोवर तो झोपला होता.

१५ ऑक्टोबर

दारिनाला फोन केला. माझी मतपत्रिका अजून कोरी आहे, काय करू?

"मला का विचारता?"

तुझा देश आहे म्हणून.

"माझा देश त्या कागदावर नाही, आई." नंतर जरा नरमली. एक म्हणतो सोडून द्या, दुसरा म्हणतो लढत राहा. दोघांपैकी कुणी तारासला विचारलेलं नाही. मलाही नाही. तुम्ही पहिल्या.

मी स्वयंपाकघरात बसून भरली. खालचे दोन रकाने भरले. वरचा, राष्ट्राध्यक्षाचा, कोरा. कोरा ठेवणंही त्यांच्यातल्या एकाच्या सोयीचंच असतं, हे कळतं. तरी.

अ.नं विचारलं, "दाखव."

पाकीट चिकटवलं. पोस्टात मीच टाकलं. पेटी कोपऱ्यावरच आहे, इतकी जवळ आहे हे माहीत नव्हतं.

२० ऑक्टोबर

कॉफीच्या दुकानात मी गेले नाही. अ. आणि शिरीष गेले. त्यांचं काही बिघडलेलं नाही. एकमेकांशी भांडून त्यांना भूक लागते.

६ नोव्हेंबर

अ.चा माणूस निवडून आला.

सकाळी अ. पायजम्यावर स्वयंपाकघरात उभा. आनंदी दिसत नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. म्हणाला, "निखिलचा मेसेज आला का?"

नाही आला.

शिरीषनं फोन करून त्याचं अभिनंदन केलं. क्रिकेटची मॅच संपल्यावर करतात तसं.

१४ नोव्हेंबर

मुलगी. पहाटे. दोघी ठीक.

मी बसनं आले. अ. सोडतो म्हणाला, मी म्हटलं, सोडलंस तर वर यावंसं वाटेल. त्यानं माझी बॅग बसच्या पोटात ठेवली, बराच वेळ नीट लावत राहिला. काही नाव ठरलंय का, विचारलं.

मुलीला केस पुष्कळ. दारिना तिच्याशी तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या. ती दोघींकडे सारखंच बघते.

१८ नोव्हेंबर

तारासचा मेसेज आला. एक शब्द. दारिनानं भाषांतर केलं: "आहे."

बाळाचा फोटो पाठवला त्याला. अजून बघितलेला नाही.

अ.चा रोज संध्याकाळी फोन. बाळ काय करतं, दूध पितं का, फ्लॅटमध्ये गारठा नाही ना. मी सगळं सांगते. मी येऊ का, ही एक गोष्ट सोडून तो सगळं विचारतो.

२३ नोव्हेंबर

दुपारी बझर वाजला. निखिल ग्रोसरीला गेलेला. खालच्या दाराच्या फोनवर अ.चा आवाज. "मी खाली आहे."

न सांगता आला. दोन तास गाडी चालवत, बर्फ पडत असताना, त्या अधू डोळ्यांनी.

दारिना बाळाला पाजत होती. मी फोनवर हात ठेवून तिला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "एक वाक्य. मताबद्दल नाही. मत त्यांचं. त्या दिवसाबद्दल. तिथूनच म्हणू दे."

मी अ.ला तसं सांगितलं.

मागे लॉबीचं दार उघडल्याचा, कुणाच्या तरी कुत्र्याचा आवाज. मग: "आधी वर तर येऊ दे. मग बोलू. झालं ते झालं."

दारिनाला ऐकू गेलं. मराठी तिला तितकी येते आता. बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "आधी थांबा, मग बोलू," ती इंग्रजीत म्हणाली. "दे ऑल से दॅट, आई."

मी खाली गेले. तो लॉबीतल्या खुर्चीत, कोट न काढता. कान लाल. खुर्चीजवळ बर्फ वितळून पाणी झालेलं, त्यातच बूट.

"कोणावर गेलीय?" त्यानं विचारलं.

फोटो माझ्या फोनमध्ये होते. दाखवले नाहीत.

म्हटलं, "वर येऊन बघ. पण दारातच म्हणावं लागेल."

"तुला माहितीय मला वाईट वाटलंय."

"मला माहितीय."

"मग तू सांग ना तिला."

चाळीस वर्षांहून जास्त मी ते करत आले. याच्या वतीनं निखिलला, माझ्या भावाला, शाळेतल्या बाईंना. आता नाही म्हटलं.

लिफ्ट आली. मी आत गेले, दारावर हात धरून उभी राहिले. तो खुर्चीचे हात धरून अर्धवट उठलेला. ना उभा, ना बसलेला. दार फार वेळ अडवलं की ही लिफ्ट कोकलते. कोकलायला लागली. डेस्कवरच्या माणसानं मान वर केली.

मी हात काढला नाही.