शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल

अकोला, रविवार संध्याकाळ

आज बॅले पाहिला. परदेशी मंडळी, आपल्याच गावच्या नाट्यगृहात! पांढऱ्या झग्यातली ती मुलगी पायाच्या अंगठ्यावर उभी राहिली आणि मी श्वास घ्यायचं विसरलो.

पण तो रुमाल... एसटीत टाकतो तसा, शिरताच शेजारच्या खुर्चीवर टाकला. चाळीस वर्षांची सवय. गुडघे धरत सुमन मागून यायची.

एका बाईनं विचारलं, "काका, इथं कोनी येऊन राह्यलं काय?"

बायकोला जाऊन वर्ष झालं, एवढं सांगायला काय झालं होतं मला? "हो," म्हणालो. बिचारी शेवटपर्यंत भिंतीशी उभी.

तिची माफी मागायला हवी होती. पण त्या मुलीनं उडी घेतली की मी रुमालाकडेच वळत होतो, "पाह्यलं काय, सुमन?"